गाडीतली घरं

माझं काम माणसं मोजायचं आहे. कोच, म्हणजे आमची लांब पल्ल्याची बस, सुटण्याआधी मोजायची, डोव्हर बंदरावर मोजायची, फेरीबोटीतून उतरल्यावर मोजायची आणि मग पुढचे चार दिवस ती जिथे जिथे उतरतील तिथे, परत चढली की पुन्हा मोजायची. मधल्या वेळात मी त्यांना फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतले जुने राजवाडे दाखवते. राजवाडे दाखवणं हे माझं काम आणि मोजणं हे वरकाम, असं लोकांना वाटतं. खरं तर उलटं आहे. एखादा राजवाडा बघायचा राहिला तर लोक कुरकुर करतात आणि विसरून जातात. माणूस मागे राहिला तर कोणी विसरत नाही.

मी इंग्लंडात कॉव्हेंट्रीला युनिव्हर्सिटीत इतिहास शिकते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. चौथीपर्यंत परभणी जिल्ह्यातल्या गावच्या शाळेत होते, त्यानंतर सगळं शिक्षण इथे. त्यामुळे माझं मराठी चौथीपर्यंतचं आणि वर रविवारच्या वर्गाचं. इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी लिहायला सांगितलं तेव्हा मी आधी नाही म्हणाले. तीन उन्हाळे केलेल्या नोकरीला अनुभव म्हणायचं का, अशी शंका वाटली. पण या कामात माझ्या वडिलांचा हिस्सा माझ्यापेक्षा मोठा होता, आणि ते काही लिहिणार नाहीत. म्हणून मी लिहिते आहे. वाचणाऱ्यांपैकी काही जण आमच्या कोचमधून आलेले असतील. त्यांनी राग मानू नये.

आमची टूर कंपनी छोटी आहे. मालक विनयदादा कॉव्हेंट्रीतच राहतात. कोच सकाळी कॉव्हेंट्रीहून निघतो, मेडनहेडला थांबतो, इल्फर्डला थांबतो आणि भरला की डोव्हरला जातो. पहिला मुक्काम फ्रान्सच्या उत्तरेला. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही ल्वार नदीच्या खोऱ्यात पोचतो. तिथे राजवाडे इतके आहेत की शेतातून जाताना एखादं टोक झाडांवर दिसतं आणि लोक विचारतात, "तो कुठला?" मला तो माहीत नसतो. तिथल्या माणसांनाही बहुतेक माहीत नसतो.

फ्रेंच नावं कोणाच्या जिभेवर बसत नाहीत, म्हणून आम्ही आमची नावं ठेवली आहेत. जिन्याचा वाडा. भाजीचा वाडा. पुलावरचा वाडा. जिन्याच्या वाड्यात एकमेकांभोवती फिरणारे दोन जिने आहेत. एकाने वर जाणारा आणि दुसऱ्याने उतरणारा एकमेकांना झरोक्यातून दिसतात, पण भेटत नाहीत. तिथे माझा निम्मा वेळ हाका मारण्यात जातो. भाजीच्या वाड्यात फुलांच्या जागी कोबी, गाजर, बीट यांचे गालिचे लावले आहेत. पुलावरचा वाडा नदीत पाय रोवून उभा आहे. त्याची लांब गॅलरी पुलासारखी थेट पलीकडच्या काठापर्यंत जाते.

महाराष्ट्रातली माणसं हे वाडे बघताना पहिला प्रश्न एकच विचारतात. "याला तट कुठे आहे?" पुण्याहून मेडनहेडला आलेल्या सॉफ्टवेअरवाल्या एका दादांनी मला गवतावर उभं करून अर्धा तास ऐकवलं. "खंदक असा? यात म्हैस पण बुडायची नाही. शत्रू आला तर काय करणार होते हे लोक?" मी म्हणाले, शत्रू येण्याचे दिवस संपल्यावर राहण्यासाठी बांधलेले वाडे आहेत हे. "मग याला किल्ला का म्हणता?" मी म्हणाले, आम्ही म्हणत नाही, तुम्हीच म्हणताय. तेव्हापासून टूर संपेपर्यंत ते मला 'किल्लेदार' म्हणत होते.

खाण्याचे प्रश्न वेगळे. एका काकूंनी वाड्यासमोरच्या हिरवळीवर चादर पसरून भेळेसाठी कांदा चिरायला घेतला. रखवालदार धावत आला आणि फ्रेंचमध्ये बरंच काही बोलला. काकूंनी शांतपणे विचारलं, "काय म्हणतो गं हा?" मी म्हणाले, इथे खायला मनाई आहे. काकू म्हणाल्या, "खात कुठेय, चिरतेय."

मोजण्याची आमची जी पद्धत आहे ती एका फजितीतून आली. पहिल्या उन्हाळ्यात मी डोकी मोजत असे. भाजीच्या वाड्याहून निघताना मोजली, आकडा बरोबर आला, आम्ही निघालो. फाटकाबाहेर पडतो न पडतो तोच मागच्या सीटवर झोपलेला एक पोरगा कानातलं काढून इंग्रजीत म्हणाला, "हा लेस्टरचा कोच नाही का?" लेस्टरहून आलेल्या एका गुजराती ग्रुपचा कोचही आमच्यासारखाच पांढरा होता, आणि तो त्यातला होता. म्हणजे आमचं एक माणूस मागे राहिलं होतं. इल्फर्डच्या पेंढारकरांचे आजोबा. कुटुंब दोन रांगांत बसलेलं, आणि पुढच्यांना वाटलं आजोबा मागे आहेत, मागच्यांना वाटलं पुढे. परत गेलो तर आजोबा बाकावर बसून कोबीकडे बघत होते. मी रडायच्या बेतात होते. ते म्हणाले, "अगं, राजाने कोबी शोभेला लावलाय! खात होता की नुसताच बघत होता?"

कोचमध्ये चढल्यावर त्यांनीच मला युक्ती सांगितली. "डोकी मोजू नकोस. आपल्याकडे लग्नाचं आवतण देताना काय मोजतात? घरं मोजतात. तू घराचं नाव घे, घरातलं मोठं माणूस सांगेल किती आले ते."

तेव्हापासून आमच्या कोचमध्ये घरं मोजतात. मी माइक घेऊन म्हणते, "पेंढारकर?" उत्तर येतं, "सगळे आहेत." "साने?" "दोघं. आणि हे टॉयलेटला गेलेत." लोकांना हे फार आवडतं. चौथ्या दिवसापर्यंत लहान मुलंसुद्धा आपल्या घराचं नाव यायची वाट बघतात. एकट्या आलेल्या माणसालाही मी घर म्हणूनच हाक मारते, आणि तो जरा ताठ बसून उत्तर देतो.

आजोबांनी युक्ती सांगितली त्या दिवशी ती ड्रायव्हरच्या सीटवरून बाबांनीही ऐकली होती. संध्याकाळी हॉटेलच्या मागे कोच पुसताना ते म्हणाले, "चांगलीय युक्ती." मग थोडा वेळ फडकं फिरवत राहिले. "गावात आवतणाला घरं मोजायचे तवा आमची घरं त्यात नसायची. जेवणं उरकल्यावर निरोप यायचा." एवढं बोलून ते बादली घेऊन गेले.

कोच चालवणारे माझे बाबा होते. हे कोचमध्ये कोणाला माहीत नव्हतं.

त्यामागे लबाडी नव्हती. विनयदादांचा नियमच होता. आधी त्यांच्याकडे नवरा ड्रायव्हर आणि बायको टूर लीडर अशी जोडी होती. त्यांची भांडणं माइकवरून सगळ्या कोचला ऐकू जायची. म्हणून घरचं नातं कोचच्या बाहेर ठेवायचं. विनयदादांपेक्षा हा नियम बाबांनी जास्त मनावर घेतला. "तू गाइड, मी ड्रायव्हर," ते म्हणायचे. "सांगितलंस की लोक तुझ्याकडं येगळ्या नजरेनं बघतील. कामून सांगायचं?"

पण आमची माणसं नाव विचारून थांबत नाहीत. "प्रतीक्षा? छान. पुढे काय?" इथे इंग्रजांनी आडनाव विचारलं तर ते फॉर्मसाठी असतं. आपल्या माणसाने विचारलं की त्यात गाव, जात, घर सगळं विचारून होतं, आणि उत्तर मिळालं की समोरचा माणूस मनातल्या मनात मला एका जागेवर बसवून टाकतो. मी खंदारे. लपवायचं काही नाही, पण रोज नव्या माणसांच्या चेहऱ्यावर ते बसवणं बघायचं नको वाटतं. मी म्हणायचे, "इथे सगळे नुसतं प्रतीक्षाच म्हणतात." आणि पुढच्या वाड्याबद्दल बोलायला लागायचे.

ड्रायव्हरच्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण बसणाऱ्याला ते दिसत नाही. इंग्लंडमधल्या कोचचं दार डावीकडे असतं. फ्रान्समध्ये गाड्या उजवीकडून चालतात, म्हणजे आपलं दार रस्त्याच्या मधल्या बाजूला उघडतं. म्हाताऱ्या माणसांना धावत्या गाड्यांमध्ये उतरवायचं. बाबा असं कधी करत नसत. वळसा घालून, मागेपुढे करून, दार गवताच्या बाजूला येईल अशी जागा शोधत. जागा मिळालीच नाही तर पिवळं जाकीट घालून स्वतः रस्त्यात उभे राहत आणि हात आडवा करून गाड्या थांबवत. "इतका वेळ काय पार्किंग करतोय हा ड्रायव्हर?" असं मागून ऐकू यायचं. मी माइक बंद करून खिडकीबाहेर बघायचे.

प्रत्येक वाड्यात ड्रायव्हर आणि गाइड यांना प्रवेश फुकट असतो. बाबांना तिकीट मिळायचं. ते नीट घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवायचे आणि कोचमध्ये बसून राहायचे. झोप काढायचे, काच पुसायचे, डबा खायचे. तीन उन्हाळे त्यांनी माणसं त्या वाड्यांच्या दारात सोडली आणि स्वतः एकाही वाड्याच्या आत गेले नाहीत. प्रत्येक कोच पार्कमधली सावलीची जागा मात्र त्यांना पाठ होती.

मी सुरुवातीला वरवर विचारायचे. "बाबा, चला ना." ते म्हणायचे, "बघितलं की भायेरून. गढी ती गढीच."

गढी हा त्यांचा शब्द. आमच्या गावात देशमुखांची गढी होती, उंच मातीच्या भिंतींची. माझे आजोबा तिथे सरपणाच्या मोळ्या टाकायला जायचे आणि लहानपणी बाबा त्यांच्याबरोबर असत. दारातून आत शिरलं की पहारेकऱ्यांची बसायची जागा असते, तिला देवडी म्हणतात. मोळी देवडीपाशी टाकायची. तिथून पुढे आमच्या लोकांनी जायचं नाही, असं होतं. आतून कोणीतरी मोळी उचलून न्यायचं. आत काय आहे ते बाबांनी कधी बघितलं नाही. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, फेरीबोटीवर, ड्रायव्हर लोकांच्या वेगळ्या खोलीत चहा पिताना, आणि गंमत सांगावी तसं सांगितलं.

पुढे ते पुण्यात हॉटेलात तंदूरवर रोट्या लावायला लागले, तिथून कॉव्हेंट्रीच्या हॉटेलात आले, मग आम्हाला बोलावलं, मग बस चालवायला शिकले. एवढ्या सीमा ओलांडलेला माणूस तिकीट खिशात घेऊन कोच पार्कमध्ये का थांबतो, हे मला बरेच दिवस कळलं नाही. कळलं तेव्हा विचारायचा धीर होईना.

या उन्हाळ्यात डॉक्टरांनी बाबांना सांगितलं की साखरेचा डोळ्यांवर परिणाम सुरू झाला आहे. आज चालवायला हरकत नाही, पण मोठ्या गाडीच्या लायसन्सच्या पुढच्या तपासणीत अडेल. बाबांनी तपासणीची वाट बघितली नाही. विनयदादांना जाऊन सांगून टाकलं की सप्टेंबरची टूर शेवटची. म्हणजे मला चार दिवस होते. मी आईला सांगून निघाले होते की या वेळी बाबांना आत नेणारच. आई म्हणाली, "ओढून नेऊ नको त्यांना. आपल्या पायांनी गेले तरच ने."

त्या टूरला मेडनहेडहून दाणी काकू होत्या. मुलगा, सून आणि त्या. वय बरंच, गुडघे गेलेले, लांब चालायचं तर व्हीलचेअर, जीभ मात्र एकदम तल्लख. पुढच्याच सीटवर बसायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला धरलं.

"प्रतीक्षा काय?"

"नुसतं प्रतीक्षा, काकू."

"नुसतं प्रतीक्षा रेल्वे स्टेशनवर असतं, बाई. आडनाव विचारतेय."

मागचे लोक हसले. मीही हसले आणि सीटबेल्ट लावायची सूचना दिली. दुसऱ्या दिवशी त्यांनी परत विचारलं, तिसऱ्या दिवशी परत. त्या वाईट नव्हत्या. मला स्वतःच्या डब्यातले लाडू आग्रहाने द्यायच्या. बाबांना मात्र त्या "अहो ड्रायव्हर" म्हणायच्या. "अहो ड्रायव्हर, एसी कमी करा." "अहो ड्रायव्हर, तुम्ही मराठी आहात वाटतं? बरं झालं बाई." बाबा म्हणायचे, "हो काकू," आणि एसी कमी करायचे.

पहिले दोन वाडे होऊन गेले. दोन्ही वेळा मी बाबांना चला म्हणाले, दोन्ही वेळा त्यांनी तिकीट खिशात घातलं. चौथ्या दिवशी सकाळी उरला पुलावरचा वाडा. त्यानंतर सरळ परतीचा रस्ता.

पुलावरच्या वाड्याला कोच पार्कपासून लांब चालावं लागतं. दोन्ही बाजूंना उंच झाडांच्या रांगा आणि मधे खडीचा रस्ता. मी खाली उतरून बाबांच्या खिडकीशी गेले.

"बाबा, हा शेवटचा."

"शेवटचा हाय तर नीट दाखव लोकांना. मी हाय इथंच."

"मला तुम्हाला दाखवायचाय."

त्यांनी आरशात बघितलं. लोक उतरत होते. "जा माय," ते हळू आवाजात म्हणाले. "माणसं खोळंबलीत."

मी गेले. आता काही होणार नाही, असं मनाशी धरून गेले.

सगळ्यांना घेऊन अर्ध्या रस्त्यात आले तेव्हा मागून हाक आली. दाणी काकूंची व्हीलचेअर खडीत रुतली होती. मुलगा आणि सून आदल्या रात्रीच्या जेवणाने आजारी पडून कोचमध्येच बसले होते, आणि काकू एकट्याने हट्टाने निघाल्या होत्या. मी पोचायच्या आत बाबा कोचमधून उतरून तिथे आले होते. खुर्ची मागे कलवून, पुढची चाकं उचलून त्यांनी ती बाहेर काढली आणि ढकलत आणायला लागले. मी लोकांना पुढे पाठवलं आणि थांबले.

वाड्याच्या पुढच्या छोट्या पुलापाशी, तिकीट तपासणाऱ्या बाईंसमोर, बाबांनी खुर्ची थांबवली आणि हात काढून घेतले.

"जावा काकू. हितून पुढं ताई हायेत."

"म्हणजे? मला इथे सोडून तुम्ही कुठे चाललात?"

"गाडीकडं."

"गाडी काय पळून जातेय? खुर्ची कोण ढकलणार? ही एवढीशी पोर? चला आत. तिकीट नाही का तुम्हाला?"

बाबांचा हात खिशावर गेला. तिकीट होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मग पुन्हा खुर्चीच्या मुठी धरल्या. ते आत यायला निघाले होते. मी तीन उन्हाळे ज्याची वाट बघत होते ते घडत होतं, आणि मला ते बघवेना. मोळी घेऊन गेल्यासारखे ते निघाले होते. काम होतं म्हणून. कामाशिवाय त्यांनी ते दार ओलांडलं नसतं, आणि दार ओलांडूनही ते देवडीतच राहिले असते.

मी पुढे झाले आणि त्यांच्या हातावर हात ठेवला.

"खुर्ची मी ढकलते. बाबा, तुम्ही पुढे व्हा."

तोंडून निघून गेलं. बाबा जागच्या जागी थांबले. दाणी काकूंनी मान वळवली, आधी माझ्याकडे, मग त्यांच्याकडे.

"बाबा?"

"हो. माझे वडील."

काकू म्हणाल्या, "आणि चार दिवस आम्ही त्यांना अहो ड्रायव्हर, अहो ड्रायव्हर करतोय, ते तू ऐकत होतीस?"

"ते ड्रायव्हरच आहेत, काकू."

"ते कळतंय मला." त्या जरा चिडल्या होत्या, पण माझ्यावर की स्वतःवर ते मला कळलं नाही. "आडनाव काय म्हणालीस?"

"म्हणाले नव्हते. खंदारे."

"हं," काकू म्हणाल्या.

त्या 'हं'नंतर जी शांतता पडते ती मला ओळखीची आहे. त्यात माणूस हिशेब लावत असतो. काकूंनी गुडघ्यावरची शाल सारखी केली, पुन्हा सारखी केली. तिकीटवाल्या बाई हात पुढे करून उभ्या होत्या आणि मागे रांग होत होती.

"नाव काय तुमचं?" काकूंनी बाबांना विचारलं.

"मारोती."

"मग मारोतराव, व्हा पुढे. मुलगी म्हणतेय ना. मागे लोक थांबलेत."

बाबांनी खिशातून तिकीट काढलं. घडी उलगडून बाईंच्या हातात दिलं. बाई "बोंजूर, मस्यू", म्हणजे नमस्कार साहेब, म्हणाल्या आणि तिकीट परत दिलं. बाबा दारात क्षणभर थांबले. पायांकडे बघितलं, बूट काढायचे का हे ठरवत असावेत. मग वहाणेखालची माती पुसावी तसे बूट उंबऱ्यावर पुसून ते आत गेले. आपल्या पायांनी. मी खुर्ची घेऊन त्यांच्या मागे होते.

दालनांमध्ये ते फारसे रमले नाहीत. पडदे, पलंग, चित्रं बघत हात मागे बांधून चालले. कशाला हात लागू नये याची काळजी घेत होते. नदीवरच्या गॅलरीत खिडकीपाशी उभे राहून त्यांनी बराच वेळ खालचं पाणी बघितलं. मी नेहमीची माहिती सांगायला सुरुवात केली आणि दोन वाक्यांनंतर थांबले. त्यांना ती नको होती असं नाही. ते ऐकून घेत होते, मान हलवत होते, आणि मला वाटलं, आज मी गाइड नसले तरी चालेल.

स्वयंपाकघर खाली आहे, नदीत रोवलेल्या खांबाच्या पोटात. पायऱ्यांमुळे काकूंची खुर्ची वर ठेवावी लागली. काकू म्हणाल्या, "मी उतरणार," आणि एका बाजूने मला, दुसऱ्या बाजूने भिंतीला धरून, दर पायरीला थांबत उतरल्या. खाली तांब्याची पातेली ओळीने टांगलेली, भली मोठी चूल, पाव भाजायची भट्टी, आणि एक दार थेट पाण्याकडे उघडणारं. पूर्वी होड्यांमधून धान्य आणि सरपण त्या दाराशी यायचं.

बाबा भट्टीपाशी गेले. वाकून तोंड जवळजवळ आत घालून त्यांनी बघितलं. तंदूरवाला माणूस भट्टी बघतो तसं. मग सरळ उभे राहिले आणि पाण्याकडच्या दाराकडे बघत म्हणाले, "म्हंजी सरपण हितून यायचं."

"हो."

"आणि टाकणारा हितूनच मागं फिरायचा."

दाणी काकू बाकाला टेकून उभ्या होत्या. बाबांनी त्यांना सांगितलं, माझ्याकडे न बघता, की आमचे वडील गढीवर मोळ्या टाकायचे, आणि मी लहान असताना देवडीत उभा राहून एकच विचार करायचो. एवढं सरपण लागतं म्हणजे आत चूल केवढी असेल. "ती काय बघायला मिळाली नाही. गढी पडली नंतर. ही बघितली."

काकूंनी चुलीकडे बघितलं. "आमची गढी वगैरे नव्हती," त्या म्हणाल्या. "साधं घर होतं. पण आईच्या स्वयंपाकघरात बाहेरच्यांना यायला नव्हतं. सरपण परसदारीच ठेवायचे लोक. कोण ठेवून जायचं, मी कधी बघितलं नाही." पायऱ्या चढताना त्यांनी भिंत सोडून बाबांच्या हाताला धरलं.

मला इथे लिहिताना भीती वाटते की हे जरा गोड होतंय. तसं नव्हतं. एका सकाळीत काही मिटलं असं मी म्हणणार नाही. कोच पार्ककडे परत येताना बाबा पुढे चालत होते, खुर्चीच्या पुढे, खिशाशी हात. तिकीट अजून तिथेच होतं.

आता बाबा मोठी गाडी चालवत नाहीत. नवा ड्रायव्हर चांगला आहे, पण दार कुठल्या बाजूला उघडतंय हे त्याला मला आठवण करून द्यावी लागते. नातं कोचबाहेर ठेवायचा नियम मी मोडला हे मी स्वतःच विनयदादांना सांगितलं. ते म्हणाले, "शेवटचा दिवस होता ना, जाऊ दे." मला ते पुरेसं वाटलं नाही, पण मी वाद घातला नाही.

त्या दुपारी सगळे चढले. बाबा सीटवर बसले, आरसा नीट केला. मी माइक घेतला आणि घरं मोजायला लागले.

"साने?"

"दोघं, आहोत."

"कुलथे?"

"चौघं. पाचवा झोपलाय, तो पण आमचाच."

"दाणी?"

"तिघं," काकू म्हणाल्या. "दोन आजारी, एक ठणठणीत."

सगळी घरं झाली. एरवी मी इथे माइक ठेवते आणि बाबा गाडी सुरू करतात. त्यांचा हात चावीकडे गेलाही होता. मी माइक ठेवला नाही. कोचमध्ये कोणीतरी चिवड्याची पिशवी उघडत होतं, तो आवाज थांबला.

"खंदारे?" मी म्हणाले.

मागून कोणीतरी विचारलं, "हे कोण?" आरशात बाबांचे डोळे दिसत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग आरशातून मागच्या सगळ्या रांगांकडे बघितलं. मग घसा साफ केला, आणि घरातलं मोठं माणूस देतं तसं, मागपर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात उत्तर दिलं.

"दोघंबी हायेत. दार लाव, माय."